श्रद्धेने माणूस सुधारतो की बिघडतो? (या वेळी जरा पुराव्यानिशी)

तळ्यातमळ्यात

दर आषाढात आणि भाद्रपदात इथे, आपल्या या चर्चामंचावर, हा वाद पेटतो आणि दर वेळी एकाच जागी अडकतो. एक बाजू पालखीचे फोटो टाकते, दुसरी डीजेच्या भिंतींचे. मग कुणाची तरी आजी येते, जी देवभोळी असूनही देवमाणूस होती, आणि धागा संपतो. या वेळी आजी नको.

प्रश्न असा: धार्मिक श्रद्धेमुळे माणसाची नीती सुधारते, बिघडते, की काहीच फरक पडत नाही? यात निदान तीन प्रश्न गुंतलेत. योग्य-अयोग्य कळायला देव लागतो का, हा एक. श्रद्धाळू माणूस प्रत्यक्षात बरा वागतो का, हा दुसरा; आणि त्याचं उत्तर पहिल्यावरून काढता येत नाही. तिसरा म्हणजे श्रद्धेच्या नावाने उभ्या राहिलेल्या व्यवस्था, दिंड्या, मंडळं, ट्रस्ट, मांत्रिक, यांचा जमाखर्च. ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यावर लिहावं. कुठली श्रद्धा, कुठली कृती, झळ कुणाला, एवढं स्पष्ट असू द्या.

अर्धापेला

पहिल्या प्रश्नाचा पेच प्लेटोने साधारण २४०० वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय. देवांना आवडतं म्हणून ते पुण्य, की पुण्य आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं मानलं तर देवाने उद्या निरपराधाला मारायला सांगितलं तर तेही पुण्य ठरेल. दुसरं मानलं तर पुण्याची कसोटी देवाच्या बाहेर आहे.

आपल्याकडे हा पेच तितका टोचत नाही, कारण धर्म आणि ईश्वर यांची गाठ मुळातच सैल. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, जग निर्माण करणारा ईश्वर नाही, तरी विधिनिषेध कडक. जैन-बौद्धांकडे सृष्टिकर्ता नाही, अहिंसेचे नियम मात्र बारीकसारीक. म्हणून 'श्रद्धा' म्हणताना देवावरची, कर्मफळावरची, रूढीवरची की गुरूवरची, ते सांगावं. माझ्या मते शेवटची सगळ्यात जोखमीची. पोथी रोज नवा हुकूम काढत नाही, गुरू काढू शकतो.

विदाभान

दुसऱ्या प्रश्नावर प्रयोग झालेत, पण दोन्ही बाजूचे लोक ते अर्धेच वाचतात. चार ठळक सांगतो.

डार्ली आणि बॅटसन, प्रिन्स्टन, १९७३. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करण्याचीच बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला, अर्थात ठरवून ठेवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेले ४५ टक्के, आणि 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही, धर्माकडे बघण्याच्या वृत्तीवरूनही कोण थांबेल ते सांगता आलं नाही. फरक पाडला घड्याळाने.

शरीफ आणि नोरेंझायन, २००७. विस्कटलेली वाक्यं जुळवायला दिली, काहींच्या वाक्यांत देव, पवित्र, प्रेषित असे शब्द पेरलेले. मग हातात १० डॉलर: हवे तेवढे ठेवा, बाकीचे अनोळखी माणसाला. देवाचे शब्द वाचलेल्यांनी सरासरी ४.२२ डॉलर सोडले, बाकीच्यांनी १.८४. हा प्रयोग प्रवचनांपर्यंत पोचला. पण पहिल्या प्रयोगात माणसं होती ५०. २०१५ मध्ये गोम्स आणि मॅककलॉ यांनी बऱ्याच मोठ्या नमुन्यावर तोच प्रयोग केला तेव्हा परिणाम दिसला नाही. हे प्रवचनांपर्यंत पोचलं नाही.

आता नास्तिकांचा लाडका. २०१५ मध्ये डेसेटी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतली ११७० मुलं घेऊन जाहीर केलं की धार्मिक घरातली मुलं स्टिकर वाटून घेण्यात कमी उदार असतात. जगभर मथळे झाले. चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. विश्लेषणात प्रत्येक देशाला एक क्रमांक दिलेला असतो, ती फक्त खूण. इथे तो क्रमांक खरीखुरी संख्या म्हणून गणितात गेला. म्हणजे ज्या देशाचा क्रमांक चार तो दोन क्रमांकाच्या देशाच्या 'दुप्पट देश' ठरला! साहजिकच देशादेशांतला फरक नीट वजा झाला नाही आणि तो धर्माच्या नावावर जमा झाला. मूळ विदा (आकडेवारी) मागून शरीफ यांनी पुन्हा आकडेमोड केली तेव्हा धर्म आणि औदार्य यांचा दावा केलेला संबंध उरला नाही. निबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला. तो अजूनही व्हॉट्सॅपवर फिरतो.

चौथा भारतीयांच्या जवळचा. मॉरिशसमध्ये तैपूसमला, म्हणजे मुरुगनाच्या उत्सवात, तमिळ हिंदू अंगात सुया, हुक टोचून कावडी नेतात. झिगालाटस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्यांना आणि नुसत्या सामूहिक प्रार्थनेला बसलेल्यांना २०० रुपये दिले आणि देवळाला गुप्तदान करायची संधी दिली. प्रार्थनेवाल्यांनी सरासरी ८० च्या आसपास टाकले, कावडीवाल्यांनी १३० हून अधिक. ज्याने वेदना जास्त सांगितल्या त्याचं दान जास्त. मात्र दान आपल्याच देवळाला होतं, आणि कावडी कुणी उचलायची हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. मुळात उदार असलेलेच सुया टोचून घ्यायला पुढे आले असतील, ही शंका राहतेच.

कडूझार

एवढं वाचून हाती काय? धुपाटणं?

विदाभान

नाही. 'श्रद्धा' हा एकच दांडा धरून मोजलं तर हाती काही येत नाही, तिचे तुकडे केले तर येतं. २००९ मध्ये गिंजेस आणि सहकाऱ्यांनी पॅलेस्टिनी मुस्लिमांत पाहणी केली. आत्मघातकी हल्ल्यांना पाठिंबा हा माणूस किती वेळा प्रार्थना करतो याच्याशी जुळला नाही, सामूहिक उपासनेला किती वेळा जातो याच्याशी जुळला. म्हणजे एकट्याने केलेल्या नामस्मरणाचा परिणाम एक, जथ्याने जमण्याचा दुसरा. आणि जथ्याचा परिणाम दुधारी आहे: ज्या बांधिलकीने माणूस आपल्यांसाठी खिसा रिकामा करतो तीच परक्याविरुद्धही वापरता येते.

निर्मिक

प्रयोगशाळा कशाला, १८९१ चं पुणं घ्या. संमतिवयाचा कायदा. मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंधाचं किमान वय १० वरून १२ करायचं होतं. त्याआधी १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधात मरण पावली होती, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नव्हता.

बाजूने कोण? न्यायमूर्ती रानडे: प्रार्थना समाजाचे, पक्के आस्तिक. आगरकर: 'सुधारक' चालवणारे अज्ञेयवादी, नीतीला ईश्वराचा आधार लागत नाही असं उघड लिहिणारे. विरोधात कोण? टिळक. त्यांचा मुख्य मुद्दा परकी सरकारने धर्मरूढीत कायद्याने हात घालू नये असा होता, हे न्यायाने सांगायला हवं. पण झळ कुणाला, या तळ्यातमळ्यातांच्या कसोटीवर लावलं तर मुद्दा राजकीय असला तरी किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी मोजायची होती.

फुले आधीचे. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो नास्तिक म्हणून नव्हे. निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, आहे, मात्र त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, ही त्यांची श्रद्धाच. त्याच पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते त्याच्याही आधी, १८६३ मध्ये. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं; त्या ख्रिस्ती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून पालकांनी मुली भराभर काढून नेल्या. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्या वर्षी पुनर्विवाह केला धोंडो केशव कर्व्यांनी, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. कर्वे देवधर्माच्या बाबतीत आगरकरांच्या जवळचे.

आस्तिक, अज्ञेयवादी, ख्रिस्ती, एकेश्वरवादी सगळे एका बाजूला आणि आस्तिकच दुसऱ्या बाजूला. यातून 'श्रद्धा चांगली' किंवा 'श्रद्धा वाईट' काढणारा माणूस आधी उत्तर ठरवून आलेला असतो.

पायरीचा_दगड

वरचं सगळं सदाशिव पेठी झालं. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात श्रद्धेचा हिशेब फार सरळ असतो. सर्पदंश घ्या.

महाराष्ट्रात माणूस मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपली प्रतिसर्पविष लस या चारांवर मिळून चालते. घोणस-फुरसे रक्त गोठू देत नाहीत. तपासणी अगदी साधी: दोनेक मिलीलिटर रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच राहिलं तर विष चढलंय, लस सुरू. सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या शिरेतून, आणि लसीची ॲलर्जी होऊन शॉक आला तर ॲड्रेनॅलिन हाताशी. मण्यार वेगळी. रात्री झोपेत चावते, दंश दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास जातो. इथे लस तर हवीच, पण जीव व्हेंटिलेटरपर्यंत पोचण्यावर अवलंबून.

मांत्रिक 'यशस्वी' का होतो? बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे ज्यांना काहीही केलं नसतं तरी वाचले असते ते सगळे त्याच्या खात्यावर जमा. मेले ते 'उशिरा आणलं' किंवा 'प्रारब्ध' या खात्यावर. हा हिशेब कधीच तोट्यात जात नाही, म्हणून अनुभवाने श्रद्धा उडेल ही आशा फोल.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत १२ कलमं आहेत, त्यातलं एक नेमकं हेच: साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, उपासना यांना हा कायदा हात लावत नाही, हे त्यातच लिहिलंय. ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांवर सकाळी फिरताना गोळ्या झाडल्या गेल्या तिथे तरी हे वाचूनच बोलावं.

वनमाला

कायद्याच्या आधी कात्री येते, हे जोडते. जट.

केस न विंचरता, न धुता राहिले की गुंततात, त्यात तेल, धूळ, हळद-कुंकू बसून दोर होतो. वरून 'देवीची जट, कापली तर कोप' हे ऐकवलं की बाई ती वर्षानुवर्षं वागवते. मान आखडते, कुशीवर झोपता येत नाही, आत उवा, टाळूला जखमा. काही वस्त्यांत जट आलेल्या मुलीला देवाला सोडायची चालही याच्यावरच पोसली गेली.

काढायचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं, त्याआधीच्या बोलण्याला कधी महिने लागतात. देव खोटा आहे हे पटवायला गेलात की दार बंद. केस गुंततात कसे ते दाखवायचं, आधी जट काढलेल्या बाईशी गाठ घालून द्यायची. बाईची स्वतःची संमती हवी, आणि कापताना नवरा, सासू समोर हवेत. ते नसले तर पुढच्या सहा महिन्यांत घरातलं कुणीही आजारी पडलं तरी खापर तिच्या डोक्यावर फुटतं. मग टाळूपासून बोटभर जागा सोडून, आत बोट घालून त्वचा कुठे आहे ते चाचपत थोडं थोडं कापायचं. घाईत एका फटक्यात कापायला गेलं की टाळू सोलते. उरलेले केस धुवायचे, उवांचं औषध लावायचं, जखमा दिसल्या तर डॉक्टरकडे. कापलेल्या जटेचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. नदीत सोडायची म्हणाली तर वाद घालू नका. बऱ्याच जणी नंतरही देवीला जातात, केस विंचरून जातात. मला यात विसंगती दिसत नाही.

टाळकरी

पायरीच्या दगडाशी सर्पदंशापुरता पूर्ण सहमत. पण श्रद्धेची व्यवस्था म्हणजे फक्त मांत्रिक नव्हे.

माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर जमतात, टाळमृदंग चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हाकारा देतो, हजारो माणसं एका क्षणात गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि गाऱ्हाणं ऐकतो: पाणी मिळालं नाही, जागेवरून भांडण झालं, क्रम मोडला. तड लागली की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि शेवटी आरती. म्हणजे तक्रार असताना आरती पुढे सरकत नाही. रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी, प्रत्येकीला क्रमांक, विणेकरी, स्वतःची भिशी (जेवणाची सोय) आणि स्वतःचा हिशेब. इतकी माणसं तीन आठवडे चालतात ती पोलिसांच्या धाकाने नव्हे. यातली नीती रोज संध्याकाळी अमलात येते, आणि ती श्रद्धेशिवाय उभी राहिली असती का, हे विरोधकांनी सांगावं.

कडूझार

टाळ वाजवायचा हक्क कुणाला होता? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी; हयातभर आत प्रवेश नाही. विठ्ठल मंदिर सर्वांना उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. पुण्यात १९२९ मध्ये पर्वतीच्या सत्याग्रहींवर दगड पडले. टाकणारे सगळे श्रद्धाळूच होते. तेव्हा कुठला चोपदार आला?

टाळकरी

कुणी आला नाही, हे खरंच. आणि वारीतही जातवार पंगती होत्या, झाकायचं कारण नाही. पण साने गुरुजी स्वतः आस्तिक होते आणि उपोषणाचं हत्यार त्यांनी ज्यांच्यावर चालवलं तेही आस्तिक, म्हणून ते लागू पडलं. चोखोबांचे अभंग हा दाराबाहेरून वाजत राहिलेला टाळच आहे. सहाशे वर्षं आत कुणी ऐकला नाही, हा दोष ऐकणाऱ्यांचा.

कडूझार

सहाशे वर्षं हा आकडा तुम्ही फार सहज लिहिलात.

एबी_निगेटिव्ह

एक वेगळी अडचण, जिथे हेतू शंभर टक्के चांगला आणि तरी घोळ होतो. उत्सवातली रक्तदान शिबिरं.

पुण्यातली मंडळं यात मनापासून उतरतात. पण सगळी शिबिरं त्याच दहा दिवसांत, नाहीतर जयंती-पुण्यतिथीला. रक्त तिथी पाळत नाही. संपूर्ण रक्त नेहमीच्या पिशवीत २ ते ६ अंशांवर ३५ दिवस टिकतं. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलवत, फक्त ५ दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर. म्हणजे एका दिवसात हजार पिशव्या जमल्या तर प्लेटलेटचा मोठा भाग आठवड्यात वाया जायची भीती, आणि पाच आठवड्यांनी लाल पेशींची तीच गत. वर पुरुषाला ३ महिने, बाईला ४ महिने पुन्हा देता येत नाही. भाद्रपदात सगळ्यांनी दिलं की ऐन दिवाळीत, सुट्टी आणि डेंग्यू एकत्र आलेले असताना, नेहमीचे दातेच बाद.

मंडळांनी करायचं ते सोपं. उत्सवात रक्त घेऊ नका, नावं घ्या: रक्तगट, फोन, शेवटच्या दानाची तारीख. १८ ते ६५ वय, ४५ किलोच्या वर वजन, हिमोग्लोबिन १२.५ एवढी चाळणी तिथेच लावा. मग रक्तपेढीला विचारून यादीचे चार भाग करा आणि दर तीन महिन्यांनी एकेका भागाला बोलवा. एप्रिल-मे नक्की धरा. अडचण एकच: मे महिन्यातल्या शिबिराला ना आरास, ना पाहुणे, ना फ्लेक्स. तिथे कळतं दान रुग्णाला होतं की मांडवाला.

विदाभान

दात्याला वाटणारं पुण्य आणि घेणाऱ्याला होणारा फायदा हे दोन वेगळे रकाने आहेत. बहुतेक अभ्यास पहिलाच मोजतात.

ताळेबंद

तिसऱ्या प्रश्नावर. देवस्थानाचा पैसा कुठे जातो यावर भावनेने बोलायचं कारणच नाही, कागद असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. नोंदणीकृत ट्रस्टने ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि ते धर्मादाय कार्यालयात जायला हवं. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. नऊ उघडा. खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना, विश्वस्तांचं मानधन, कोर्टकचेरी, लेखापरीक्षकाची फी असं एकेक येतं. खाली 'ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च', त्याचे पाच पोटभाग: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण, इतर धर्मादाय. तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवा. आस्थापना फुगतेय आणि गरिबी निवारणात शून्य किंवा दरवर्षी तोच आकडा, की समजा. कोर्टखर्च एकदम वाढला तर विश्वस्तांत भांडण. मग परिशिष्ट आठमध्ये ठेवी बघा. आयकराची सूट टिकवायला साधारण ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर लावावं लागतं, त्यामुळे काही जण देणगी 'कायम निधी' म्हणून दाखवतात, म्हणजे ती या हिशेबातून सुटते. त्याला दात्याची तशी स्पष्ट सूचना लागते. दानपेटीतल्या नाण्याने ती कधी दिली?

जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. बिनशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तरीही. पेठांतल्या जुन्या देवळांच्या जागांबद्दल शंका असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अहवाल. तो वर्षानुवर्षं मंजूर नसेल तर सही करणारा माणूस कागदावर विश्वस्तच नसतो.

पायरीचा_दगड

आणि हे कागद मागतं कोण? भाविक तर मागत नाहीत.

ताळेबंद

तीच तर गंमत. नक्कल कुणीही अर्ज करून, फी भरून मागावी. पण विश्वस्तांविरुद्ध कायदेशीर पाऊल उचलायला 'हितसंबंध असलेली व्यक्ती' असावं लागतं. देवळाच्या बाबतीत तिची व्याख्या अशी: तिथल्या पूजेला हजर राहण्याचा ज्याला हक्क आहे किंवा जो नेहमी हजर राहतो, किंवा तिथला प्रसाद वगैरे घेण्याचा ज्याला हक्क किंवा सवय आहे. कायद्याने हत्यार भाविकाच्याच हातात दिलंय. दारात उभं राहून टीका करणाऱ्याला ते तितकं सहज मिळत नाही.

कडूझार

म्हणजे मला तक्रार करायची तर रोज साखरफुटाणे खायचे?

ताळेबंद

सवय लागते. कलमात श्रद्धा हवी असं कुठे लिहिलेलं नाही.

टाळकरी

या गुरुवारी या. आरती साडेसातला. अर्जाचा मसुदा मी आणतो, सही दोघांची लागेल.